थोरल्यांची तसबीर

मगदूमसाहेबांची जीप कॅनॉलच्या पुलावर दिसली तेव्हा नाथाजी गोठ्यात होते, आणि जीप परत जाईपर्यंत तिथंच राहायचा त्यांचा बेत होता. ज्यांच्या एका शब्दावर गावातली बांधाची भांडणं मिटायची, ते चौऱ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ सकाळपासून म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत लपून बसले होते. म्हैससुद्धा कंटाळली होती.

"आवं, पाव्हणं आलं की!" मनुबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "लालासायेब हाका मारतुया, आन् तुमी हितं शेपटीचं क्यास मोजत बसलाय व्हय?"

"तू हो फुडं. म्हस आज जरा नरम वाटतीया."

"म्हस न्हाई नरम. तुमी नरम झालाय." मनुबाईंनी पदर खोचला. "जाऊ द्या ती तसबीर सांगलीला. एकदाची जाऊ द्या. माझ्या जित्या नवऱ्याच्या गळ्यात दर दसऱ्याला हार पडतुया, आन् मी लगीन झाल्यापास्नं बगत बसलीया. कुणाच्या कपाळी आलं आसंल आसलं?"

"हळू बोल की गं! कुणी ऐकंल."

"ऐकू द्या. म्या काय खोटं बोलतीया?"

खोटं नव्हतंच. पण ह्या घरात ते खरं फक्त तिघांना ठाऊक होतं.

पहिल्या महायुद्धात, बसऱ्याकडच्या लढाईत नाथाजींचा थोरला भाऊ गुंडा गेला तेव्हा त्याचा एकसुद्धा फोटो घरात नव्हता. सरकारकडून एक पितळी बिल्ला आला, आणि त्याच्या पंधरा वर्षांच्या बायकोच्या, चंद्राबाईंच्या नावानं पेन्शन सुरू झाली. नाथाजींच्या वडलांनी मात्र हाय खाल्ली. पोराचं तोंड भिंतीवर पाहिजे, एवढं एकच त्यांच्या तोंडी. दोनतीन वर्षांनी गुऱ्हाळाच्या दिवसांत अर्जुना पेंटर गावात आला. हा सांगलीचा, नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचा आणि मधल्या दिवसांत गावोगाव फिरून माणसांची चित्रं काढायचा. मेलेल्या माणसाचं चित्र काढा म्हटल्यावर तो म्हणाला, माणूस न्हाई तर न्हाई, त्याच्यासारखा दुसरा द्या. सख्खा धाकटा भाऊ होताच. नाथाजींना गुळाच्या काहिलीशेजारी पालथ्या घमेल्यावर बसवलं, अंगात कोट चढवला, डोक्यावर फेटा बांधला, आणि भिंतीवर थोरले आले.

मागून जन्मलेल्या पोरांना कोण कशाला सांगतंय? त्यांना ते थोरलेच. दसऱ्याला हार, पितरपाटात निवद, आणि पलटणीत भरती व्हायला निघालेलं घरातलं पोरगं आधी तिथं डोकं टेकायचं. नाथाजींनी आपला पहिला मुलगा, लालासाहेब, रांगतानाच चंद्राबाईंच्या ओटीत दत्तक घातला. तो मोठा झाल्यावर लोक एकदा तसबिरीकडं आणि एकदा त्याच्याकडं बघून म्हणायचे, "काय बापावर गेलाय गड्या!" दत्तक पोरगं आणि बापावर गेलंय, ह्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. चुलत्याचं रक्त म्हणायचे. अशा वेळी नाथाजी आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत बसायचे.

आणि आता सांगलीत नवं चित्रसंग्रहालय निघालं होतं आणि तिथल्या मगदूमसाहेबांना तीच तसबीर हवी होती. ते आज ती पारखायला आले होते. पारखणारा माणूस पहिली गोष्ट विचारणार, समोर बसलं कोण होतं? उत्तर नाथाजींपाशी होतं. पण ते दिलं की गुंडाला ह्या जगात तोंडच उरत नव्हतं. एवढीच एक भीती त्यांच्या पोटात होती, आणि ती म्हशीला सांगण्यासारखी नव्हती.

"चला," मनुबाई म्हणाल्या. "अक्का वाट बगत्याती."

अक्का म्हणजे चंद्राबाई. त्यांचं नाव निघाल्यावर नाथाजींनी हात झटकले आणि मुकाट्यानं निघाले.

*

लालासाहेबांनी गेल्याच साली उसाच्या पैशातून स्लॅबचं घर बांधलं होतं. त्याच्या हॉलमध्ये प्लॅस्टिकचं कव्हर घातलेला सोफा होता, रेडिओ होता, आणि रेडिओच्या वर थोरले होते. आज मात्र थोरले भिंतीवरून उतरून टेबलावर आडवे झाले होते आणि मगदूमसाहेब त्यांच्यावर भिंग धरून वाकले होते. लालासाहेबांना ते काही बरं दिसेना. बापाला इस्पितळात नेल्यासारखं वाटत होतं.

पण खूश होते ते. साखर कारखान्याचे डायरेक्टर होते, पाच-पन्नास लोकांत ऊठबस होती, आणि वडलांची तसबीर संग्रहालयात लागणार ही गोष्ट त्यांनी मीटिंग संपल्यावर चहाच्या वेळी सगळ्यांना सांगून टाकली होती. चेअरमनसुद्धा म्हणाले होते, उद्घाटनाला आम्ही येणार.

"साहेब, एक विचारू का?" लालासाहेब म्हणाले. "हा अर्जुना पेंटर एवढा मोठा होता, तर आमच्या लहानपणी कुणी त्याचं नाव कसं घेतलं नाही?"

मगदूम हसले. मिरजेकडचा माणूस, बोलायला मोकळा. "मोठा तेव्हाही होता. कुणाला ठाऊक नव्हता, एवढंच. त्याचे पडदे फाटले तसे कंपन्यांनी त्यात सामान बांधलं. मग मुंबईच्या एका प्रदर्शनात त्याची दोन चित्रं लागली, पेपरात लिहून आलं, आणि लोकांना आठवलं की अरे, आमच्या माळ्यावर पण एक आहे! चित्र तेच असतं हो लालासाहेब. चार जाणत्या माणसांनी म्हणावं लागतं की हे चांगलं आहे. मग पाचवा आपोआप म्हणतो."

"कारखान्याच्या इलेक्शनसारखं," आप्पासो म्हणाला.

आप्पासो नाथाजींचा धाकटा मुलगा, म्हणजे रक्तानं लालासाहेबांचा सख्खा भाऊ आणि कागदावर चुलत. पलटणीत सुभेदार होता आणि सुट्टीवर आला होता. लालासाहेबांनी त्याच्याकडं डोळे वटारले.

"आणि खरं-खोटं कसं ठरवता?" लालासाहेबांनी विचारलं. "आमच्याकडं उसात साखर किती ते तपासून रिकव्हरी काढतात, तसं काही?"

"तसंच की. रंग बघायचा, कापड बघायचं, सही बघायची. चित्र आजवर कुणाच्या घरात होतं ते विचारायचं. तुमचं एकाच घरात राहिलंय, ही फार चांगली गोष्ट. हल्ली काय होतंय, अर्जुनाचं नाव झाल्यावर फोटोवरून काढलेल्या भलत्याच तसबिरींवर त्याची सही घालून लोक आमच्याकडं आणतात. आणि अर्जुनानं तर जन्मात फोटोवरून चित्र काढलं नाही. माणूस समोर बसला पाहिजे, हा त्याचा हट्ट."

"वडील बसले होते की! बसऱ्याला निघायच्या आधी." हे लालासाहेबांनी कुठं ऐकलं होतं? कुठंच नाही. पण सांगून सांगून त्यांना ते पाठ झालं होतं.

"मला पण तसंच वाटतंय. हे डोळे बघा. कुणीतरी खरोखर समोर बसून अवघडलंय. ढुंगण दुखत असलं की माणूस असा बघतो."

दारात आलेल्या नाथाजींना जोरात खोकला आला. मनुबाईंनी पदर तोंडाला लावला. कोपऱ्यात, सोफा सोडून खाली घोंगड्यावर बसलेल्या चंद्राबाईंनी तेवढी मान वर केली.

"साहेब, माझी एक शंका," आप्पासो म्हणाला. "ये वर्दी किस पलटन की हाय? म्या भरती झाल्यापास्नं बगतुया. आसली बटणं फौजेत न्हाईत. खांद्यावर ही झालर तर बँडवाल्याला बी देत न्हाईत."

"आप्पा, गप बस!"

"अहो, बोलू द्या त्यांना," मगदूम एकदम उभे राहिले. त्यांना आनंद झाला होता. "हा कोट फौजेतला नाहीच. हा नाटकातला आहे! ह्याच झालरीचा, ह्याच बटणांचा कोट अर्जुनाच्या एका पडद्यावर सेनापतीच्या अंगात आहे. तो पडदा आमच्याकडं आहे. त्यानं कंपनीच्या पेटीतला कोट बरोबर आणला असणार. लालासाहेब, ह्याच्यापेक्षा मोठा पुरावा नाही. चित्र अर्जुनाचंच."

लालासाहेबांना हसावं की रडावं कळेना. चित्र खरं ठरलं होतं आणि बापाची वर्दी नाटकाच्या पेटीतली निघाली होती.

मगदूमांनी कापसाच्या बोळ्यानं खालच्या कोपऱ्यातली काजळी पुसायला घेतली. वर्षानुवर्षांचा उदबत्तीचा धूर. हळूहळू सहीची अक्षरं वर आली आणि तिच्याखाली सन आला. मगदूमांनी भिंग जवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ नेलं.

"एकोणीसशे एकोणीस," ते म्हणाले. मग जरा थांबून, "लालासाहेब, गावात शिरताना मी तुमची कमान बघितली. वीर गुंडा प्रवेशद्वार. त्यावर वडलांच्या मरणाचं साल आहे ना?"

ती कमान लालासाहेबांनी स्वतः उभारली होती. लांबून वाचता यावं म्हणून आकडे हातभर उंचीचे घालायला लावले होते. सोळा साल.

रेडिओवर शेतकऱ्यांचा कार्यक्रम चालू होता, तो आप्पासोनं बंद केला.

"गेलेला माणूस समोर बसत नाही," मगदूम नाखुशीनंच म्हणाले. "म्हणजे एकतर साल मागून घातलंय, नाहीतर सही आणि साल दोन्ही. मला वाईट वाटतं हो. पण सही संशयास्पद म्हटल्यावर आमची समिती हे घेणार नाही."

"म्हंजी, न्हाई न्यायाची?" चंद्राबाईंनी विचारलं.

त्यांचा आवाज एवढासा झाला होता. सगळ्यांनी तिकडं बघितलं. तसबीर द्यायची का, असं लालासाहेबांनी महिन्यापूर्वी भीतभीत विचारलं तेव्हा ही म्हातारी एका बोलात हो म्हणाली होती आणि सगळं घर चाट पडलं होतं. कारण तिनं नाथाजींना एकट्यांना सांगितलं होतं. भावजी, माज्यामागं हिला वळखणार कोण? नातवंडं माळ्यावर टाकत्याल, न्हाईतर काच काढून दुसराच देव घालत्याल. तितं सरकारी छपराखाली ऱ्हाईल. येणारा-जाणारा थांबून बगंल.

नाथाजींनी ते ऐकलं होतं. आता तिचा पडलेला चेहराही बघितला, आणि त्यांच्या पोटातली सगळी भीती तशीच राहिली पण पाय पुढं आले.

"सही खोटी न्हाई," ते म्हणाले. "माझ्या देकत केलीया त्येनं. साल बी बराबर हाय."

"तात्या, तुम्हाला काय ठाऊक?" लालासाहेब म्हणाले.

"ठाऊक हाय. बसलोच व्हतो म्या तितं. पालथ्या घमेल्यावर." त्यांनी मगदूमांकडं बघितलं. "तुमी मगाशी म्हनलासा त्ये बी खरं हाय. लय दुकत व्हतं."

*

मनुबाईंना पहिल्यांदा काय वाटलं असेल तर हलकं. सासरी आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी ती तसबीर बघून नवऱ्याला विचारलं होतं, ह्यो फोटू तुमचाच न्हवं? आणि नवऱ्यानं हात जोडले होते की कुणाला बोलू नको. तेव्हापासून दर दसऱ्याला इकडं हार पडला की त्या स्वयंपाकघरात जाऊन देवीपुढं साखर ठेवायच्या. जिता हाय गं बाई माझा, तू चुकू नगंस. त्या साखरेची आता पोती झाली असती.

पण लालासाहेबाचं तोंड बघून त्यांचं हलकेपण गेलं. अठ्ठेचाळीस वर्षांचा तो बाप्या, डायरेक्टर, टेबलाची कड धरून उभा होता.

"म्हणजे हे माझे वडील नव्हेत," तो म्हणाला. "पंधरा ऑगस्टला मी ह्यांच्यापुढं भाषण करतो. पोरांना पाया पडायला लावतो. स्वतः पडतो. तात्या, एवढी वर्षं तुम्ही समोर बसून बघत होता? मी कुणाच्या पाया पडत आलो?"

"आपल्या बापाच्याच की रं," मनुबाई म्हणाल्या.

आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं की आपण काय बोललो. दत्तक दिल्या दिवसापासून ही गोष्ट त्यांनी एकदासुद्धा तोंडातून काढली नव्हती. चंद्राबाईंकडं बघायचा त्यांना धीर होईना. "अक्का, चुकलं माझं. जीभ घसारली."

"काय चुकलं?" चंद्राबाई म्हणाल्या. "खरं त्येच बोललीस. दोगी मिळून वाढवलाय त्येला. तू दूद पाजलंस, म्या मार दिला."

आप्पासो हसला. लालासाहेबांना हसायचं नव्हतं, पण ओठ ऐकेनात. ते सोफ्यावर बसले आणि प्लॅस्टिक करकरलं.

मगदूम मात्र सगळ्यांत जास्त खूश होते. त्यांच्या डोळ्यांसमोरचं खोटं चित्र चुटकीसरशी खरं झालं होतं. बसलेला माणूस हयात, बसल्या जागेसकट आठवण शाबूत! त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "तर मग मी असं घेतो. अर्जुना पेंटर, एकोणीसशे एकोणीस, नाथाजींचं व्यक्तिचित्र. नाटकाच्या पोशाखात."

"न्हाई." नाथाजींचा आवाज चढला. "तसं न्हाई घ्यायाचं. त्यापरीस न्हेऊ नगासा."

"पण बसलात तुम्हीच ना?"

"बसलो म्या, पर चित्र त्येचं हाय. आमच्या म्हाताऱ्यानं त्येच्यासाटनं काडून घेतलं. त्येच्यासाटनं रडला आमचा बा हिच्याम्होरं. त्येच्याच नावानं पोरं भरतीला गेली. आता तुमी नाथाजी लिवलासा तर माझा भाऊ कुटं ऱ्हायला? बसऱ्याच्या मातीत तोंड गेलं त्येचं, आन् हितलं म्या खाऊ?" त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले, सगळ्यांसमोर, आणि लाजलेही नाहीत.

मगदूमांना वाईट वाटलं. "तात्या, मला समजतंय. पण चेहरा तुमचा असताना संग्रहालयानं दुसऱ्याचं नाव कसं लावायचं? उद्या कुणी विचारलं तर मी काय दाखवू?"

मगदूमांचंही चुकत नव्हतं, आणि त्यामुळं भांडायलाही जागा नव्हती. आप्पासो लालासाहेबांच्या शेजारी जाऊन बसला. सकाळी दोघं तसबीर द्यावी की नाही यावरून भांडले होते.

"बरं, नावाचं बघू नंतर," मगदूम विषय बदलायला म्हणाले. "दुरुस्ती फार नाही. काजळी काढायची, आणि इथं हनुवटीवर कुणाचा तरी हात लागून रंग दबलाय, ते मुंबईचा कारागीर भरून देईल. एवढा डाग गेला की—"

"डाग न्हाई त्यो," चंद्राबाई म्हणाल्या.

*

गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या. टेबलापाशी आल्या. त्यांनी आपला उजवा अंगठा त्या हनुवटीवर धरला, न टेकवता, नुसता वर. अंगठा आता सुरकुतलेला आणि वाकडा होता, पण खळगा त्याचाच होता.

"ह्यो माजा हाय."

लग्न झालं तेव्हा चंद्राबाई बारा वर्षांच्या होत्या. पुढं सासरी नांदायला आल्या तेव्हा घरात सासू-सासरे, पदर नाकापर्यंत, आणि नवरा पलटणीत. तो रजेवर आला तरी भर उजेडात त्याच्याकडं बघायची सोय नव्हती. एक सोडून. तो अंगणात दाढी करायला बसला की आरसा धरायला तिला हाक मारायचा. आरसा धरायचा म्हणजे समोर बघावंच लागायचं आणि त्याला कुणी नाव ठेवू शकत नव्हतं. ती पोर जेवढा वेळ मिळेल तेवढा वेळ बघून घ्यायची. हनुवटीत खळगा होता, बैलाचं शिंग लागलेलं. वस्तरा तिथं आला की तो आतनं जीभ लावून कातडी वर काढायचा. तिला दर वेळी हसू यायचं आणि आरसा हलायचा आणि तो म्हणायचा, कापंल की गं.

हे सगळं त्यांनी सांगितलं नाही. मगदूमांना त्यांनी एवढंच सांगितलं, "आरसा धरत हुते म्या त्येस्नी. मला ठाव हाय हितं खड्डा व्हता."

"पण हे इथं, रंगात?"

"चित्र झालं आन् ही जेवाय गेली सगळी. भावजी बी गेलं. मी बगाय आले. बगितलं, तर ह्ये भावजीच! लय वंगाळ वाटलं. म्या मनात म्हनलं, आता ह्येच भितीवर लागणार आन् मला सगळ्या जल्मात त्येंचं तोंड दिसणार न्हाई. रंग वला व्हता. दिला आंगटा दाबून."

"आणि पेंटर?"

"त्यो रस पिऊन माघारी आला. मला वाटलं, आता घालतुया शिव्या. त्येनं बगितलं, माज्याकडं बगितलं. मग बारीक ब्रश घेऊन त्या खड्ड्याभवती सावली भरली, आन् मग खाली सही केली."

मगदूमांनी भिंग उचललं. ह्या वेळी त्यांनी फार वेळ घेतला. जीपचा ड्रायव्हर दारातून डोकावून गेला, त्याला कुणी विचारलं नाही.

"आहे," ते शेवटी म्हणाले. "खळग्याच्या कडेनं ब्रश फिरलाय, ओल्या रंगातच. मी ह्याला नुकसान समजत होतो. आजी, हे आता कुणी भरणार नाही. अर्जुनानं ते ठेवून घेऊन खाली सही केली, म्हणजे ते चित्रातलंच. मी कोण काढणार?"

नाथाजी टेबलाशी आले होते. त्यांनी आपली हनुवटी चाचपली. खुंटं वाढली होती, खाली सपाट हाड होतं. मग तसबिरीकडं बघितलं. एवढी वर्षं त्यांनी तिच्याकडं नीट बघायचंच टाळलं होतं. आपलंच तोंड आहे म्हणून चोरासारखी नजर वळवायचे. आता बघितलं तर तो आपल्याला खांद्यावर बसवून कृष्णेत पोहायला नेणारा गुंडादादाच होता. डोळे अवघडलेले, आपले. पण खालून तो.

"वैनी," ते म्हणाले, "ह्ये मला कवा बोलला न्हाईसा."

"तुमी तरी कुटं इच्यारलं?"

लालासाहेबांनी नाक शिंकरलं. "साहेब, मग आता लिहायचं काय?"

मगदूमांनी लिहून वाचून दाखवलं. शिपाई गुंडा. चित्रकार अर्जुना. धाकटे भाऊ नाथाजी यांना समोर बसवून आणि पत्नी चंद्राबाई यांच्या आठवणीनुसार. लालासाहेबांनी ते परत एकदा वाचायला लावलं आणि म्हणाले, "हे आमच्या कमानीपेक्षा बरं झालंय." मनुबाईंनी चहा टाकला. आप्पासोनं तर सांगून टाकलं की कोट बी लिहा, पलटणीत लोकांना दाखवीन.

"आता फक्त एक," मगदूम म्हणाले. "समितीपुढं ठेवायला तात्यांचा एक जुना फोटो द्या. तरुणपणीचा असला तर उत्तम. शेजारी ठेवला की कुणी शंका काढणार नाही."

"आणतो की!" आप्पासो आत पळाला. थोड्या वेळानं तो अल्बम आणि काचेच्या दोन चौकटी घेऊन आला. त्याचं लग्न, लालासाहेबांचं लग्न, कारखान्याचं भूमिपूजन, पुतणीचं बारसं. उलटून उलटून बघितलं. सगळं गाव होतं त्यांत. तात्या नव्हते.

"माझ्या लग्नात कुटं गेल्ता तुमी?" आप्पासोनं विचारलं.

"बैलास्नी वैरण टाकाय."

"दादाच्या लग्नात?"

नाथाजींनी गोठ्याकडं बघितलं.

"ह्येंचा एक बी फोटू न्हाई," मनुबाई चहाचे कप ठेवत म्हणाल्या. "माज्यासंगं बी न्हाई. फोटूवाला आला की ह्ये गोट्यात. म्या म्हनायची, भित्यात यडं."

"भीत न्हवतो." नाथाजी खाली बघून म्हणाले. "माझा फोटू घरात लागला आस्ता तर पोरास्नी कळलं आस्तं. ह्ये तोंड त्येचं म्हून सांगितलेलं. मग त्येचंच ऱ्हाऊ द्यावं म्हनलं."

लालासाहेब उठले. काय करावं ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी अल्बम मिटला आणि परत उघडला.

"हरकत नाही," मगदूम म्हणाले. "जीपमध्ये कॅमेरा आहे. आताच काढू. बाहेर उजेड चांगला आहे."

अंगणात खुर्ची मांडली. नाथाजी सवयीनं गोठ्याच्या वाटेला लागले, ते चंद्राबाईंनी त्यांचा हात धरला. चारचौघांत दिराचा हात धरायची ही त्यांची पहिलीच वेळ. त्यांनी नाथाजींना खुर्चीपाशी आणलं, उपरणं खांद्यावर सारखं केलं आणि मनुबाईंना बोलावून शेजारी उभं केलं.

"वैनी, कसं बसू?" नाथाजींनी विचारलं. खरोखरच त्यांना समजत नव्हतं.

"तवा त्येंच्या जागी बसला व्हतासा," चंद्राबाई म्हणाल्या. "आता आपल्या जागी बसा."

मगदूमांनी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि नाथाजी हलले नाहीत.